नंदीचा घाट आणि दोन सीटा

नंदीच्या डोंगरावर बेंगळूरची माणसं थंड हवा खायला जातात. नवी जोडपी जातात, शाळांच्या सहली जातात, डॉक्टरांनी सांगितलेले पेन्शनर जातात. मी गेलो तो एका सायकलच्या सीटची फजिती बघायला. ती सीट माझ्या आतेभावाने, वसंताने केली होती, आणि ती मी केलेल्या सीटपेक्षा चांगली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काही लपवतोय असं वाटायला नको.

आम्ही जीनगर, म्हणजे घोड्यांची जिनं शिवणारे. आमचे पूर्वज फौजेबरोबर जिनं दुरुस्त करत दक्षिणेत आले आणि इथलेच झाले, असं घरात सांगतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, असं आमचं तेव्हापासून चालू आहे. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, उमेदीच्या काळात कँटोन्मेंटातल्या गोऱ्या साहेबांची जिनं केली. मग साहेब गेले, पाठोपाठ घोडे गेले, आणि सगळं शहर सायकलवर बसलं. मी दिवसा राजाजीनगरच्या एका कारखान्यात फिटरचं काम करायचो आणि संध्याकाळी कॉटनपेटच्या घरी अप्पांच्या शेजारी बसून शिवायचो. बारा वर्षं शिवत होतो.

अप्पांकडं एक पितळी ठसा होता. घोड्याची नाल, तिच्या आत तीन टिंबं. पणजोबांच्या वेळचा. मनासारखं जीन झालं की अप्पा कातडं ओलं करून त्यावर ठसा ठेवायचे आणि मोगरीचा एकच ठोका मारायचे. माझ्या कामावर तो ठसा कधी उठला नव्हता. एकदाही नाही. मी एकोणतीस वर्षांचा होतो, मला एक मुलगी होती, कारखान्यात माझ्या हाताखाली चार माणसं होती, आणि तरी त्या ठशासाठी मी अप्पांच्या हाताकडं बघत बसायचो.

त्या सुमाराला निपाणीहून वसंता आला. माझ्या आत्याचा मुलगा, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. काम शोधायला म्हणून आला आणि आमच्याकडंच राहिला. आठ दिवसांत गल्लीतली पोरं त्याला अण्णा म्हणू लागली. माझी बायको सुमन त्याच्या पानात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढू लागली, मला विचारायची. अप्पा त्याच्याशी कामाबद्दल बोलायचे. माझ्याशी ते बहुतेक पाणीपट्टीबद्दल बोलायचे.

डिसेंबरात एका संध्याकाळी अप्पांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "बाजारची सीट बघितलीत? आरशासारखी. चढावर माणूस मागं घसरतो, उतारावर पुढं दांडीवर येतो. जीन काय, सीट काय, बसलेल्या माणसाला धरलं पाहिजे. दोघं एकेक करा. संक्रांतीच्या आधी नंदीला जाऊन घाट चढा, उतरा. जी सीट धरेल तिच्यावर ठसा मारतो. पुढं या घरातून तोच नमुना जाईल."

मी म्हटलं, "सरी." म्हणजे ठीक आहे. मला वाटलं, आता माझी पाळी.

तीन आठवडे मी रोज संध्याकाळी त्या सीटवर घालवले. जाड कातडं, मागची कड उचललेली, वर रापीने कापलेल्या तिरप्या खाचा, एकशेवीस खाचा, प्रत्येक सारख्या खोलीची. अप्पांनी ती हातात घेतली, अंगठा खाचांवरून फिरवला आणि म्हणाले, "मेहनत केलीस." आमच्या धंद्यात ज्याला दुसरं काही म्हणता येत नाही त्याला मेहनत म्हणतात.

वसंताने त्याची सीट दोन दिवसांत केली. कातड्याला पाठ असते आणि पोट असतं. पाठ गुळगुळीत, ती नेहमी वर. पोट खरखरीत, ते नेहमी आत, घोड्याच्या बाजूला. वसंताने कातडं उलटं लावलं. पोट वर. बस, एवढंच. वरून हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखं लागायचं. अप्पांनी हात ठेवला आणि ठेवूनच बसले. मग हसले. त्यांना हसताना मी त्या वर्षात पहिल्यांदा पाहिलं.

वसंता आंघोळीला गेला असताना मी त्याची सायकल घेऊन धर्मांबुधी तळ्याच्या बाजूला एक चक्कर मारली. सीटने मला असं धरलं, जसं आई कडेवरच्या पोराला धरते, न आवळता. मी परत येऊन सायकल होती तशी उभी केली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सुमनने विचारलं, पोट बिघडलंय का. मी हो म्हटलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी

आमच्या घरची एक रीत आहे. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नव्या जिनाला घरातलं वडील माणूस तेलाचा हात देतं. एरंडेलात थोडं मेण घालून कोमट करायचं, तळहातावर घ्यायचं आणि कातड्याच्या पोटाला, खरखरीत बाजूला, पाजायचं. पाठीला पाजत नाहीत, तिच्यावरून नुसता हात फिरवतात. कातडं तेल पोटाकडूनच पितं, हे आमच्याकडच्या पोराला आरी धरायच्या आधी कळतं. हात दिला की जीन सुटलं. मग त्याला पुसायचं नाही, धुवायचं नाही. तो आशीर्वाद असतो.

अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. ते सगळं हातानेच बघायचे. दिवेलागणीच्या आधी ते ओसरीवर दोन्ही सीटा पुढ्यात घेऊन बसले. वसंता चेन साफ करून घ्यायला कोपऱ्यावर गेला होता. मी वाटी शेगडीवर कोमट करून आणली आणि त्यांच्यासमोर धरली.

"अरे, स्वल्प खाली धर," ते म्हणाले. मी खाली धरली.

आधी माझी सीट. तिला उताणी करून आतून पाजली, वरून कोरडाच हात फिरवला. मग वसंताची. तिच्यावर हात पडला, खरखरीत लागलं, आणि त्या हाताने पन्नास वर्षं जे केलं तेच केलं. अप्पा तेव्हा एका साहेबाच्या पांढऱ्या घोडीची गोष्ट सांगत होते, ती घोडी गूळ घातल्याशिवाय जीन चढवू देत नसे. गोष्ट सांगता सांगता त्यांनी वाटीत बोटं बुडवली आणि तेल चोळलं. पुन्हा बुडवली. ज्या बाजूवर माणूस बसणार त्या बाजूला. माणसाला धरण्यासाठी वसंताने जी बाजू वर आणली होती, नेमकी तिला.

मला फक्त "अप्पा, ती वरची बाजू" एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. ते तोंडापर्यंत आले होते. मी वाटी जरा पुढं सरकवली.

तेव्हा मला काय वाटलं ते मी विसरलेलो नाही. आनंद झाला. घोडीच्या गोष्टीवर मी हसलोसुद्धा.

यलहंका, देवनहळ्ळी

पहाटे धुक्यातच निघालो. सुमनने दोघांना दशम्या बांधून दिल्या. वसंताच्या पुडक्यात लोणच्याची जादा फोड होती. मी उघडून बघितलं होतं.

सायकलवर टांग मारण्याआधी वसंताने सीटवर हात ठेवला. रात्रभरात कातडं काळपट झालं होतं. त्याने तळहात नाकाशी नेला. मी हँडलचा नट आवळतोय असं दाखवत वाट बघत राहिलो. आता विचारेल, आता ओरडेल. त्याने घराच्या दाराकडं एकदा बघितलं, टांग मारली आणि गुणगुणायला लागला. मला वाटलं, निपाणीचं येडं, त्याला कळलंच नाही.

हेब्बाळच्या तळ्यावरून धूर निघावा तशी वाफ निघत होती. पाण्यात बदकं होती की दगड, ते उजाडेपर्यंत कळेना. पुढं यलहंक्याला इडली खाल्ली, केळीच्या पानावर, चटणी एवढी पातळ की हाताच्या कोपरापर्यंत पोचायची. वसंताला ती फार आवडली. निपाणीकडं न्याहारी म्हणजे भाकरी आणि झुणका. इडलीने पोट भरतं यावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने आठ खाल्ल्या. हॉटेलवाला खूश होऊन नववी फुकट घेऊन आला. मी चार खाल्ल्या होत्या. मला कोणी काही आणलं नाही.

हात धुऊन मी परत आलो तेव्हा वसंता त्याच्या सायकलशी वाकला होता. मुठीत रस्त्याची बारीक धूळ घेऊन सीटवर चोळत होता. मला बघून त्याने हात झटकले.

"काय करतोस?"

"काय न्हाई दादा. स्वल्प दव पडलं हुतं." आठ महिन्यांत त्याने आमचा स्वल्पही उचलला होता.

म्हणजे त्याला कळलं होतं. घरीच कळलं होतं. मग बोलला का नाही? यलहंका ते देवनहळ्ळी मी तेवढाच विचार करत पायडल मारले. रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना चिंचा आहेत, असं लोक म्हणतात. मी पाहिल्या नाहीत. मला वाटलं, त्याने मला वाटी धरताना पाहिलं असेल. नंदीवरून परतल्यावर अप्पांसमोर सगळं बाहेर काढायचं म्हणून गप्प बसला असेल. मी असतो तर तसंच केलं असतं.

देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या दाराशी एक बाई चकोत विकायला बसली होती. चकोत म्हणजे पपनस, पण इथला आतून गुलाबी आणि इतका गोड की आपल्याकडचा पपनस त्याच्यापुढं औषध वाटावा. वसंताने एक सोलला, अर्ध्या फोडी मोजून माझ्या हातावर ठेवल्या. विषम संख्या होती. जास्तीची मला दिली. मी ती खाल्ली आणि मला त्याचा आणखीनच राग आला.

डोंगराच्या पायथ्याशी

नंदी गावाचं देऊळ फार जुनं आणि फार सुंदर आहे. नुसतं दगडात केलेलं काम बघायला जरी कोणी गेलं तरी दिवस सार्थकी लागेल. गाभाऱ्याजवळच्या खांबांवर एवढ्या बारीक पाकळ्या आहेत की मी माझ्या खाचा विसरलो. वसंता मात्र देवळातल्या नंदीच्या पाठीवर दगडात कोरलेली झूल बघत उभा राहिला. "दादा, शिवण बघ. दगडात पण टाके मोजून घातल्यात." मला ते दिसलं नव्हतं.

देवळामागं एका म्हातारीच्या घरी जेवणाची सोय होते असं कळलं. तिचं नाव मुनियम्मा. नाचणीचा वाफाळता गोळा, ज्याला इथं मुद्दे म्हणतात, आणि अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांचं सारू. थंडीत हे ओले दाणे येतात, आणि ते दिवस बेंगळूरच्या आसपास अक्षरशः त्याच वासाचे असतात. मुद्दे चावायचा नसतो. बोटाने तुकडा तोडायचा, सारात बुडवायचा आणि गिळायचा. वसंता भाकरीसारखा चावत बसला. तो त्याच्या दाढांना चिकटला आणि तोंड उघडेना.

मुनियम्मा तोंडाला पदर लावून हसली. मग त्याच्यासमोर बसून तिने गिळायचं कसं ते करून दाखवलं, जसं नातवाला दाखवतात. मी जन्मापासून कन्नड बोलतोय. मी तिच्याशी शुद्ध, आदरार्थी कन्नड बोलत होतो, पाऊसपाण्याचं विचारत होतो. वसंताला दहा शब्द येत होते आणि त्यातले तीन चुकीचे. तरी ती त्याच्याशीच बोलत होती.

निघताना तिने संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल दिलं. आपल्याकडं तिळगुळाचा लाडू वळतात. इथं तीळ, गुळाचे खडे, खोबरं, शेंगदाणे, डाळं नुसतं एकत्र करतात आणि मुठीने देतात. देताना म्हणतात, एळ्ळु-बेल्ल खा, चांगलं बोल. वसंताच्या पंच्यात तिने ओंजळभर घातलं. मग माझ्याकडं वळून मूठभर. अर्थ तोच, गोड बोल. मी ते खिशात टाकलं.

घाट

चढ सुरू झाला तसा बोलायला दम उरला नाही. रस्त्यावर खडी सुटी होती. वळणावर वळणं. काही ठिकाणी उतरून सायकल ढकलली, पण परीक्षा होती म्हणून जमेल तिथं बसूनच चढलो. माझ्या सीटने धरलं, हे खरं. मागची कड कमरेला टेकू देत होती. पण एकशेवीस खाचांनी मला खालून एकशेवीस चिमटे काढले, आणि तिसऱ्या वळणानंतर मी उभ्याने पायडल मारू लागलो.

वसंता माझ्या पुढं होता. दर चार पायडलांनी तो मागं घसरायचा, हँडल ओढून पुन्हा जागेवर यायचा. मागून मला सगळं दिसत होतं. त्याच्या खाकी पँटवर तेलाचा मोठा गोल डाग पडला होता. हेच बघायला मी आलो होतो. बघत होतो. आणि मला वाटलं होतं तेवढी मजा येत नव्हती. थोडी येत होती, नाही असं नाही.

वर पोचलो तर ढगातच शिरलो. निलगिरीच्या झाडांचे बुंधे तेवढे दिसत होते, शेंडे कुठं गेले कोण जाणे. कड्याच्या टोकाशी कठड्यावर बसून दशम्या सोडल्या. लोक म्हणतात तिथून सगळा मुलूख दिसतो, तळी मोजता येतात. आम्हाला आमचे पाय दिसत होते. ढग अंगावरून जायचा आणि केस ओले व्हायचे.

वसंताने लोणच्याची जादा फोड माझ्या दशमीवर ठेवली. मग जरा वेळाने म्हणाला, "दादा, मामास्नी आता अगदीच दिसत न्हाई काय?"

"कमी झालंय."

"माज्या सीटला तेल पाजलंय त्यांनी. वरनं." तो माझ्याकडं बघत नव्हता, ढगाकडं बघत होता. "एकटंच बसलं असतील. कुणी जवळ असतं तर सांगितलं असतं की."

मी दशमीचा घास चावत राहिलो.

"मग घरी का बोलला नाहीस? मुलतानी माती लावली असती, दोन दिवसांत तेल ओढून निघालं असतं. परवा आलो असतो."

"मामांचा हात पडलाय दादा. त्यो पुसायचा? आनि सांगितलं तर त्यास्नी कळंल, आपला हात चुकाय लागला. डोळं गेलं ते गेलं, हातावर जगत्यात ते." तो उठला, हात पुसले. "तू पन सांगू नकोस बघ."

मी नाही सांगणार म्हटलं. हा माणूस मला पकडत नव्हता, घरी जाऊन उलगडा करणार नव्हता. तो ठसा हातचा घालवून बसला होता, तोही एका म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून, आणि तो म्हातारा माझा बाप होता. माझ्या डोक्यात हे आलंही नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्याच्या सीटचाही वाटला नव्हता. सीट निदान बघून करता आली असती.

उतार

उताराला मी म्हटलं, चालत जाऊ. वसंता म्हणाला, "परीक्षा हाय ती. मामा इचारतील." आणि बसला.

पाचव्या की सहाव्या वळणावर झालं. पुढून एक बैलगाडी आली, वसंताने ब्रेक आवळले आणि तो सीटवरून सरळ पुढं, दांडीवर आला. सायकल वाकडी झाली. मी मागून बघितलं ते एवढंच, की त्याचा एक हात वर गेला आणि तो घाणेरीच्या झुडपांत दिसेनासा झाला. झुडपांच्या पलीकडं उतार होता. किती खोल ते ढगामुळं दिसत नव्हतं.

मी सायकल टाकून धावलो. तो झुडपांतच अडकला होता, एक फांदी काखेत धरून. गाडीवान आणि मी मिळून त्याला वर ओढला. उजवं कोपर सोललं होतं, गुडघा सुजायला लागला होता, चेहऱ्यावर काट्यांचे ओरखडे. तो दगडावर बसला. मी त्याला पाणी पाजलं. खिशातलं एळ्ळु-बेल्ल काढून त्याच्या हातावर ठेवलं, दुसरं काही जवळ नव्हतं. सांगायचं असेल तर हीच वेळ होती. वाटी मी धरली होती, वसंता. मी तेवढं म्हटलं नाही. म्हटलं, "माझी सायकल घे."

राहिलेला घाट तो माझ्या सीटवर उतरला, मी त्याच्या. मी फर्लांगभर गेलो नसेन, पहिल्यांदा दांडीवर आदळलो. मग आदळतच राहिलो. रात्री गावच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी नंदी ते बेंगळूर सगळा रस्ता मी त्या तेल पाजलेल्या सीटवर बसून आलो. कोणी सांगितलं नव्हतं. वसंता दर मैलाला म्हणायचा, दादा, बदलू. मी नको म्हणायचो. चिंचा परत येतानाही पाहिल्या नाहीत.

कॉटनपेट

अप्पा ओसरीवरच बसले होते. पुढ्यात ओला फडका, मोगरी आणि ठसा. सुमनने वसंताचं कोपर बघून कपाळाला हात लावला आणि हळद आणायला आत गेली. जाता जाता माझ्या पँटच्या मागचा डाग बघितला, मग वसंताचा.

"बोला," अप्पा म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत वसंता बोलला. "मामा, माजं चुकलं. उलटं कातडं उतारावर टिकत न्हाई. घसरलो, पडलो. दादाची सीट खरी. तिच्यावर बसूनच खाली आलो बघा."

अप्पांनी माझ्याकडं चेहरा वळवला. "सरी?"

मी म्हटलं, "सरी."

मी दोन्ही सीटा सायकलींवरून काढून दिल्या. त्यांनी माझी सीट घेतली, मागच्या कडेजवळ जिथं खाचा नव्हत्या तिथं ओला फडका दाबून धरला, अंगठ्याने जागा चाचपली, ठसा ठेवला. एक ठोका. नाल उठली, तीन टिंबं उठली. बारा वर्षं मी ज्याची वाट बघितली ते दोन सेकंदांत झालं.

मग ते वसंताची सीट बाजूला ठेवायला गेले. हात तिच्यावर पडला आणि तिथंच थांबला. धुळीचा थर, खाली चिकटपणा. त्यांनी बोटं चोळून बघितली. तळहात नाकाशी नेला, अगदी वसंताने नेला होता तसा. मग सीट उताणी केली, आतून गुळगुळीत पाठ चाचपली, पुन्हा सरळ केली.

"हे माझं तेल," ते म्हणाले.

आत सुमन हळद उगाळत होती, तो आवाज थांबला.

"पांढऱ्या घोडीची गोष्ट सांगत होतो," अप्पा सावकाश म्हणाले, शोधत शोधत. "वसंता नव्हता. चेन करायला गेला होता. वाटी कोणी धरली होती?"

"मी," मी म्हटलं.

"तुला दिसत होतं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "अप्पा, ठसा त्याच्यावर मारा. माझ्यावरचा काढून टाका."

"उठलेला ठसा काढता येत नाही," ते म्हणाले. "एवढं तरी शिकला असशील."

मग त्यांनी पितळी ठसा फडक्याने स्वच्छ पुसला, फडक्यातच गुंडाळला आणि हात पुढं केला. वसंता बसला होता त्या बाजूला. वसंता घेईना. "मामा, माज्याकडं नगं." अप्पांनी हात तसाच धरून ठेवला, मागं घेतला नाही. शेवटी वसंताने दोन्ही हातांनी तो घेतला.

मला वाटलं, आता तो माझ्याकडं बघेल. बघितलं. झुडपात अडकलेला असताना जसं बघितलं होतं तसंच, घाबरून. मग त्याने सोललेलं कोपर माझ्यापुढं केलं आणि म्हणाला, "दादा, वहिनी हळद आनत्यात तवर जरा फुंकर घाल की. आग व्हतीय." मी फुंकर घातली.

याला आता चार वर्षं झाली. वसंताने राजाजीनगरात, माझ्या कारखान्याच्या रस्त्यावरच, दुकान थाटलं आहे. दूधवाले, तारवाले, सगळे त्याच्या सीटा घेतात. उलटं कातडं, पोट वर, आणि मागच्या कडेला नाल आणि तीन टिंबं. तेल तो आतून, गुळगुळीत पाठीला, थोडं थोडं मुरवत स्वतः पाजतो. अप्पा गेल्यापासून तेलाचा हात द्यायला घरातलं वडील माणूस म्हणून मला बोलावतो, पण मी काही ना काही कारण सांगून टाळतो. सकाळी कामावर जाताना रस्ताभर त्याच्या सीटा माझ्या पुढं चाललेल्या असतात.

मी अजून माझ्याच सीटवर बसतो. चिमटे काढते, पण धरते. तिच्यावरचा ठसाही अजून तसाच स्वच्छ आहे. मी नेमका त्याच्यावरच बसतो, त्यामुळं कुणाला दिसत नाही.